बंद पडला की बंद केला?

(अचानक बंद होणाऱ्या डेस्कटॉपवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

दुकानाच्या पायरीवर कॅबिनेट टेकवता टेकवता गिऱ्हाईक जे पहिलं वाक्य बोलतं, ते जवळजवळ ठरलेलं असतं. "काही केलं नाही हो, चालता चालता आपोआप बंद पडतो." तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना गेली २२ वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. शाळेच्या कारकुनाकडून, पतपेढीच्या व्यवस्थापकाकडून, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून, दहावीतल्या मुलाच्या वडिलांकडून. त्यात खोटं काही नसतं. पण त्यातला 'आपोआप' हा शब्द सांगणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही चुकीच्या वाटेला लावतो. ही पुस्तिका लिहायला घेतली ती त्या एका शब्दापायी.

डेस्कटॉप सहसा आपोआप बंद पडत नाही, त्याला कुणीतरी बंद करतं. बंद करण्याचा अधिकार असलेले चार-पाच जण त्याच्या पोटात आणि आजूबाजूला बसलेले असतात. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, स्वतःला सांभाळायला सगळा पुरवठा तोडू शकतो. प्रोसेसर फार तापला तर मदरबोर्डाला निर्वाणीचा इशारा देऊन सगळं थांबवू शकतो. विंडोज बंद करू शकतं, पुढचं बटण बंद करू शकतं, टेबलाखालचा यूपीएस बंद करू शकतो. लाइट जाते ती वेगळीच. माझं सांगणं एवढंच आहे की कोणता पार्ट खराब झाला हा प्रश्न नंतरचा. बंद करण्याचा हुकूम कोणी दिला, हा प्रश्न आधीचा. तो आधी विचारला तर निम्मं काम स्क्रूड्रायव्हर हातात न घेता होतं.

हा हुकमाचा मामला पूर्वी इतका गुंतागुंतीचा नव्हता. नव्वदच्या दशकातल्या एटी धाटणीच्या मशीनला जाडजूड बटण असायचं. ते दाबलं की खट्ट आवाज होऊन २३० व्होल्टची लाइनच तुटायची. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली आणि बटणाचं काम बदललं. आताचं बटण वीज तोडत नाही. ते बोर्डाला नुसती विनंती करतं. बोर्ड आणि एसएमपीएस आपसांत दोन वायरींवरून बोलतात. हिरवी वायर बोर्डाकडून एसएमपीएसला सांगते, 'चालू राहा'. बोर्डाने ती सोडली की एसएमपीएस थांबतो. राखाडी वायर उलट दिशेने सांगते, 'व्होल्टेज ठीक आहे'. तो निरोप यायचा थांबला की बोर्ड काम सोडून देतो. (हल्लीच्या काही एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवीची जागा १६ वी आणि राखाडीची ८ वी, हे पाठ करून ठेवावं.) शिवाय भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत एका जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट सतत जिवंत असतात. मशीन 'बंद' दिसत असलं तरी बोर्ड जागा असतो. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी पॉवर कॉर्ड ओढून काढायची, नुसतं पुढचं बटण बंद करून भागत नाही.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी प्रकरणं त्याच धाग्याने बांधलेली आहेत.

गावातल्या एक ताई घरी बसून पाच-सहा दुकानदारांचे हिशेब टॅलीत भरून देतात. त्यांचा कॉम्प्युटर दिवसातून दोन-तीनदा बंद व्हायचा. बटण दाबलं की पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नाही. माझ्याकडे येण्याआधी त्यात विंडोज दोनदा टाकून झालं होतं, रॅमची नवी पट्टी बसली होती, आणि कुणीतरी मदरबोर्ड गेल्याचं निदान करून साडेचार हजारांचा आकडाही दिला होता. त्या नुसतं कॅबिनेट घेऊन आल्या. माझ्या टेबलावर ते मशीन तीन दिवस अखंड चाललं. मी परत दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "दादा, परत गेलं."

तेव्हा मी त्यांना एक काम सांगितलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, बंद होईल त्या दिवसाच्या चौकोनात वेळ लिहून ठेवायची. दुसरं काही करायचं नाही. बारा दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. चौकोनांत पेन्सिलीने बारीक अक्षरात वेळा मांडलेल्या होत्या. ९.४०, १०.१५, ६.०५, ६.५०. दुपारची एकही नोंद नाही. आणि दोन्ही सोमवार कोरे. मी त्या कागदाकडे बघत उभा होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून पट्ट्याची घरघर सुरू झाली. डोक्यावरची ट्यूब क्षणभर मंदावली, टेबलाखालच्या यूपीएसने 'टक्' केलं आणि पडदा काळा झाला.

भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. बाया दळण सकाळी आणि संध्याकाळी आणतात. सोमवारी गिरणीला सुट्टी.

मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे त्या लाइनवरचं व्होल्टेज डोळा मिटण्याइतका वेळ खाली जातं. यूपीएसला ते जाणवायचं आणि तो आपलं काम चोख करायचा, म्हणजे मशीनचा भार बॅटरीवर टाकायचा. ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी चार वर्षांची जुनी, आतून संपलेली. भार पडताच ती बसायची आणि यूपीएस सगळं सोडून द्यायचा. मी कॉर्ड यूपीएसमधून काढून सरळ भिंतीच्या सॉकेटात लावली आणि आम्ही गिरणीची वाट बघत बसलो. संध्याकाळपर्यंत मोटर तीनदा सुरू झाली, ट्यूब तीनदा मंदावली, मशीन चालूच राहिलं. माझ्या दुकानात ते तीन दिवस का चाललं, हेही तेव्हा कळलं. यूपीएस घरीच राहिला होता.

नवी बॅटरी टाकली, काम झालं. बोर्ड शाबूत, रॅम शाबूत, विंडोज शाबूत. त्या कागदावरच्या पेन्सिलीच्या आकड्यांनी जे सांगितलं ते माझ्या मल्टिमीटरला तीन दिवसांत सांगता आलं नव्हतं. म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण नोंदीवर आहे, आणि ते ओलांडून पुढे जाऊ नये ही माझी वाचकाला कळकळीची विनंती आहे. कधी बंद झाला, किती वेळ चालल्यावर, तेव्हा काय करत होता, कुठलं दुसरं उपकरण चालू झालं, लगेच सुरू झाला की थांबून. एवढं लिहिलेलं असलं की पुढचा रस्ता बराचसा दिसतो. प्रिंट दिली की बंद होतो अशी नोंद असेल तर लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलाय का ते बघा. त्यातली तापपट्टी गरम होताना कित्येकशे वॉट ओढते आणि ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस जेमतेम ३६० वॉट पेलतो.

आमच्या धंद्यात मात्र नोंदीची सवय नाही. आमची सवय 'बदलून बघू' ही आहे. आधी फॉरमॅट मारायचा, मग रॅम काढून खोडरबराने घासायची, मग एसएमपीएस, मग बोर्ड. यातल्या प्रत्येक पायरीने कधी ना कधी कुणाचं तरी मशीन बरं झालेलं असतं, त्यामुळे ती टिकून आहे. रॅमचंच घ्या. कोकण-गोव्याच्या दमट खारट हवेत रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या आणि स्लॉटातल्या पिना यांच्यात मळ बसतो, पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली की संपर्क सुधारतो आणि मशीन चालतं. श्रेय खोडरबराला जातं. खरं काम बहुतेक वेळा काढून-घालण्याने झालेलं असतं. जोरजोरात घासलं तर उलट त्या पट्ट्यांवरचा पातळ मुलामा झिजतो.

फॉरमॅटच्या सवयीलाही एक जुनं कारण आहे. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा किडा जगभर पसरला. विंडोज एक्सपीच्या पडद्यावर एक चौकट यायची, ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन स्वतःला बंद करून पुन्हा सुरू व्हायचं. पुढच्याच वर्षी 'सॅसर' आला, त्याचंही तेच. ज्यांनी तेव्हा धंद्यात पाऊल टाकलं त्यांच्या मनात 'बंद होतो म्हणजे व्हायरस' हे घट्ट बसलं, आणि त्यांनी आपल्या हाताखालच्या मुलांना तेच शिकवलं. आजचे चोर निराळे आहेत. त्यांना आपलं मशीन चालू हवं असतं, गुपचूप आभासी चलन खणायला किंवा माहिती चोरायला. असल्या प्रोग्रॅममुळे मशीन बंद झालंच तर ते प्रोसेसरला रात्रंदिवस राबवून तापवल्यामुळे होतं. तिथेही हुकूम शेवटी उष्णतेचाच असतो.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहिणं भाग आहे, कारण तिच्यामुळेच मी असा विचार करायला लागलो. दुकान टाकून दोन वर्षं झाली होती. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्या एका छापखान्याचं मशीन आलं. चालू व्हायचं आणि चार-पाच सेकंदांत विझायचं. मी एसएमपीएस बदलला, फरक नाही. रॅम बदलली, फरक नाही. हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, सगळं सोडवून ठेवलं, तरी तेच. मग मी पूर्ण खात्रीने सांगितलं की बोर्ड गेला. छापखान्याच्या काकांनी लग्नसराईच्या तोंडावर पैसे उभे केले, मी नवा बोर्ड बसवला, आणि तोही चार-पाच सेकंदांत विझला.

पुढच्या बाजूचं पॉवर बटण आत दबून अडकलं होतं. नखाने बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या कडेला वाळलेली डिंकाची रेघ दिसली. एटीएक्समध्ये हे बटण चार-एक सेकंद दाबून धरलं की बोर्ड तडक पुरवठा तोडतो, अडकलेल्या मशीनला बाहेर काढायची ती सोय आहे. इथे ते कायमचंच दाबलेलं होतं. त्या मशीनचा प्रत्येक भाग सांगितलेलं काम बरोबर करत होता. नव्या बोर्डाचे पैसे मी काकांना परत दिले. पण ऐन हंगामातले त्यांचे चार दिवस बुडाले ते काही परत देता आले नाहीत, आणि ते मला आजही लागतं. त्या दिवसानंतर अशा मशीनवर मी सगळ्यात आधी बोर्डावरची 'पॉवर स्विच' लिहिलेली दोन पिनांची टोपी काढतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडून मशीन सुरू करून बघतो. अर्धं मिनिट लागतं. ही चाचणी पुस्तिकेत दुसऱ्याच प्रकरणात आहे.

विंडोजची स्वतःची वही असते, तिच्याबद्दल थोडं. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'सिस्टिम'मध्ये गेलं की बंद-चालूच्या नोंदी सापडतात. तिथे लाल खुणेची 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली की लोक घाबरतात आणि तिलाच रोग समजतात. मी असे कित्येक जण बघितले आहेत ज्यांनी '४१ वर उपाय' शोधत आठवडे घालवले. ही नोंद मशीन बंद होताना लिहिलीच जात नाही. ती पुढच्या वेळी चालू झाल्यावर लिहिली जाते. चक्कर येऊन पडलेला माणूस शुद्धीवर आल्यावर 'मी पडलो होतो' एवढंच सांगतो, का पडलो ते त्याला ठाऊक नसतं, तसं. तिच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला उसंतच मिळाली नाही, म्हणजे वीज खालूनच ओढली गेली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. शून्य नसेल तर विंडोज स्वतःच कोसळलं, आणि मग ड्रायव्हर, रॅम, डिस्क यांच्याकडे बघावं लागतं. ६००८ क्रमांकाच्या नोंदीत साधारण वेळ मिळते, ती ताईंच्या दिनदर्शिकेसारखी वापरता येते. आणि १०७४ ही नोंद मिळाली तर बंद करण्याचा हुकूम कोणत्या प्रोग्रॅमने किंवा कोणत्या वापरकर्त्याने दिला हे तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. एका शाळेच्या लॅबमधलं मशीन रोज संध्याकाळी ५ ला बंद व्हायचं. कुणीतरी पूर्वी लावून ठेवलेलं वेळापत्रक होतं, १०७४ ने ते एका ओळीत दाखवलं.

पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण उष्णतेचं आहे, आणि त्याचं कारण आपली हवा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात. पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. थंडीत ८० अंशांवर निभावणारं मशीन उन्हाळ्यात म्हणूनच बंद होऊ लागतं, आणि मालक म्हणतो, "दिवाळीत तर चांगला चालत होता."

प्रोसेसरने स्वतःला वाचवायला शिकणं ही तशी अलीकडची गोष्ट. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर'ने चालू मशीनच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून घेण्याचा प्रयोग चित्रित केला होता. एएमडीचे अ‍ॅथलॉन बघता बघता जळून गेले. पेंटियम ३ थांबला पण वाचला. पेंटियम ४ मंद होत गेला आणि चालत राहिला. आजचे सगळे प्रोसेसर तो धडा पोटात घेऊनच कारखान्याबाहेर पडतात. ९५-१०० अंशांच्या आसपास आले की आधी वेग कमी करतात आणि त्यानेही भागलं नाही तरच पुरवठा तोडायला सांगतात. त्यामुळे उष्णतेने बंद होणाऱ्या मशीनची चाल ओळखता येते. आधी पंख्याचा आवाज चढतो, काम जड होतं, मग बंद. लगेच चालू केलं तर दुसऱ्यांदा आणखी लवकर बंद. अर्धा तास गार होऊ दिलं की पुन्हा बरा वेळ चालतं. ही चाल दिसत नसेल, थंड मशीन सुरू होताच विझत असेल, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट बदलण्याची घाई करू नये. हीटसिंक नीट बसलाय ना एवढं बघावं आणि दुसरीकडे वळावं.

पंखा फिरतोय म्हणजे थंडावा आहे, ही समजूत खोटी. पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्या मधे धूळ दाबून दाबून गोधडीच्या तुकड्यासारखा थर होतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, जोरात फिरतो, आणि हवा त्या थरावर आपटून परत येते. पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलावा तेव्हाच थर दिसतो. नखाने एका कोपऱ्यातून सोलला तर बऱ्याचदा अखंड निघतो. २००४ मध्ये आलेल्या एलजीए ७७५ सॉकेटपासून इंटेलच्या सोबतच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी निसटली तरी हीटसिंक एका बाजूने केसभर उचलला जातो. वरून बोटाने हलवून बघा, डुगडुगता कामा नये. मधली पेस्ट वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झाली असेल तर पुसून तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी नवी ठेवायची. जास्त पेस्टने जास्त थंडावा मिळत नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग ढिलं होतं.

एसएमपीएसबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. अख्ख्या मशीनमध्ये सगळ्यात कमी पैसे याच डब्यावर खर्च होतात आणि सगळ्यात जास्त मशीनं याच्यापायी बंद होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत उभं राहून दोन डबे हातात घ्यावेत, वजनातला फरक आधी हाताला कळतो. डब्यावर मोठ्या अक्षरात '४५० वॉट' लिहिलेलं असतं. ते न वाचता खालचा तक्ता वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या वायरीवर जगतात. त्या रकान्यात १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. कामाची ताकद तेवढीच. मल्टिमीटरने १२ च्या जागी ११.४ ते १२.६ आणि ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ मिळालं तर ते मानकात बसतं. पण हे माप मशीन निवांत असताना घेऊन उपयोग नाही, काम चालू असताना घ्यावं. आणि मल्टिमीटरला दिसणार नाही इतका क्षणिक झोका असतो, तोही ध्यानात ठेवावा. आकडा चांगला आला म्हणजे एसएमपीएस निर्दोष ठरला असं नाही. मग मात्र ओळखीच्या चांगल्या एसएमपीएसवर मशीन चालवून बघण्याला पर्याय नसतो, आणि 'बदलून बघू'ची हीच एक जागा मला मान्य आहे.

मोठी ग्राफिक्स कार्डं याच क्षणिक झोक्यापायी मशीन पाडतात. २०२० मधल्या आरटीएक्स ३०९० सारख्या कार्डांनी काही चांगल्या, भरपूर वॉटच्या एसएमपीएसनाही तोंडघशी पाडलं होतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये म्हणूनच नियम आला की एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपुरता झेलला पाहिजे. घरात गेम खेळणारी मुलं असतील आणि गेम सुरू होताच मशीन विझत असेल, तर पुस्तिकेतलं याबद्दलचं प्रकरण आधी वाचावं.

जुन्या मशीनमध्ये कपॅसिटर बघायला विसरू नये. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट कपॅसिटर बसवलेले बोर्ड जगभर विकले गेले आणि आपल्याकडे शाळा-कार्यालयांत त्यातला एखाददुसरा अजूनही भेटतो. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. त्यावर फुलीसारखी खाच असते. खराब झालेल्याचं डोकं पुरीसारखं फुगतं, कधी खाचेतून तपकिरी रस येऊन वाळलेला असतो. असा एक जरी प्रोसेसरच्या शेजारी दिसला तर पुढचं निदान थांबवायला हरकत नाही. चांगल्या कपॅसिटरलाही उष्णता सोसत नाही. १० अंश वाढले की आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब धरतात.

इथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि कॉर्ड काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात. पुस्तिकेत डब्याच्या आतलं एकही काम दिलेलं नाही. तसंच काम सुरू करण्याआधी चालू मशीनच्या कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अर्थच्या वायरीत जाणारी वीज वाट न मिळाल्याने पत्र्यावर येऊन बसते, साधारण लाइनच्या निम्म्या व्होल्टेजची. पावसाळ्यात ओल्या पायांनी हात लावणाऱ्याला मुंग्या येतात त्या यामुळे. मशीन बंद होण्याचं कारण अर्थिंग क्वचितच असतं. पण तुमचा हात त्या पत्र्याला लागणार आहे, म्हणून वायरमनला आधी बोलवावं.

पुस्तिकेत लॅपटॉप नाहीत. त्यांची बॅटरी आणि चार्जिंगची गोष्ट वेगळीच असते, आणि बरेचसे भाग घरी सोडवता येत नाहीत. सोल्डरिंगही नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं आणि वॉरंटी वाढवून दिली. ज्यांच्याकडे ते प्रोसेसर आहेत त्यांनी बायोस अद्ययावत करण्यापुरतं पुस्तिकेतल्या त्याबद्दलच्या पानावर थांबावं.

भाषेबद्दल एक. मी सगळीकडे दुकानातले शब्द ठेवले आहेत. रॅमला रॅम, पेस्टला पेस्ट. वाचकाने पुस्तिका हातात धरून मेकॅनिकशी बोलावं आणि दोघांना एकमेकांचं कळावं, ही त्यामागची इच्छा. मेकॅनिकवर अविश्वास वाढवायला हे लिहिलेलं नाही. रोज दहा मशीनं बघणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडची गिरणी दिसत नाही, ती तुम्हालाच दिसते. तुम्ही वेळा लिहून नेल्या, यूपीएसही सोबत नेला, तर त्याचंही काम चांगलं होतं.

साहित्य थोडंच लागतं. एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, साधा डिजिटल मल्टिमीटर, रंगाचा मऊ ब्रश, टॉर्च, आणि एक पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह सगळ्यात आधी. बंद-चालू होणाऱ्या मशीनच्या डिस्कवरचं लिहिणं मधेच तुटतं, आणि एखाद्या वेळी ती डिस्क पुन्हा उघडत नाही. म्हणून मशीन चालू आहे तोवर टॅलीचा डेटा, मुलांचे फोटो, अर्ध्यावर राहिलेला प्रबंध, जे काही परत मिळणार नाही ते आधी उतरवून घ्या. मग पान उलटा आणि पहिल्या प्रकरणातल्या कोऱ्या तक्त्यात आजची तारीख घाला.